बिनसाखरेचा दूधभात

हे मी आजवर कुणापुढंच बोललो नाही. बायकोपुढं नाही, आणि ज्या वकिलानं मला सोडवलं त्याच्यापुढंही नाही. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून सांगायला बरं पडतंय — एवढंच.

मी फुटबॉल खेळायचो. पगार घेऊन, करारावर सह्या करून. हसू नका. आमच्या लोहारा तालुक्यात पोरं खो-खो खेळतात, फार तर कबड्डी. फुटबॉल काय असतो ते सांगायला शाळेतल्या काशीद सरांना आधी चेंडू आणून दाखवावा लागला होता. त्यांनी शिकवलं, मी धावलो. मग पुणं, मग गोवा, सगळे मिळून नऊ हंगाम. सास्तूरच्या फाट्यावर माझं मोठं डिजिटल, म्हणजे फ्लेक्सचा फलक, लागलं होतं — हात जोडलेला मी, आणि खाली नाव, अंकुश. माझं नाव अंकुश नाही.

तुम्ही म्हणाल, वय चोरलं असणार. हो, चोरलं. पण ते काही गुपित नव्हे, सगळं गाव जाणतं. गावानंच तोंड मिटून घेतलं, कौतुकापोटी. मला जे सांगायचंय ते वेगळंच आहे — पण हे सांगितल्याशिवाय ते कसं कळणार?

आम्ही दोघं भाऊ. थोरला मी, लहू. धाकटा अंकुश, माझ्याहून दोन वर्षांनी लहान. भूकंप झाला तेव्हा तो पाळण्यात होता, वर्षाचाही नव्हता. मी शेतातल्या खोपीत वडिलांपाशी झोपलो होतो, म्हणून राहिलो. आईला मातीतून ओढून काढलं. त्याला काढलं, पण उशिरा. मेलेल्यांच्या यादीत त्याचं नावसुद्धा नाही, नुसतं 'लहान मुलगा' असं आहे. त्या आकांतात नाव कोण विचारत बसणार?

माझा जन्म घरी झालेला, नोंद कुठंच नाही. तो दवाखान्यात जन्मला, त्याचा दाखला होता. काशीद सरांनी तो दाखला माझ्या शाळेच्या कागदांना जोडला आणि मला दोन वर्षं मिळाली. तेरा वर्षांचा होतो मी. वडील हो म्हणाले. इथवर माझा काय दोष — असं मी स्वतःला पुष्कळदा विचारलंय, आणि दरवेळी स्वतःला निर्दोष सोडूनही दिलंय.

आईचा एक नेम होता. भूकंपाच्या दिवशी, दरवर्षी, ती सकाळी वाटीभर दूधभात कालवायची. बिनसाखरेचा, बोटांनी अगदी मऊ केलेला, लेकराला भरवतात तसा. जुन्या गावठाणात आमच्या चुलीचा एक दगड उरलाय, तिथं ती वाटी ठेवून यायची. नव्या गावापासून ते लांब आहे, तरी चालत जायची. कुणी सोबत आलेलं तिला खपायचं नाही.

मग तक्रार झाली. माझ्यामुळं संघातली जागा गेलेल्या एकानं कुठून तरी माहिती काढली. खोट्या कागदांचा गुन्हा दाखल झाला, क्लबनं करार थांबवला, कोर्टाच्या तारखा सुरू झाल्या. काशीद सर तोवर वारले होते, वडीलही. वकील म्हणाला, एकच साक्ष उरलीय — आईची. तिनं सांगायचं की भूकंपात गेला तो लहू, आणि समोर उभा आहे तो अंकुश.

तेव्हा मी अठ्ठावीस वर्षांचा होतो. पोरगा नव्हतो. गुडघा दुखत होता, फार तर दोन हंगाम उरले होते, हेही ठाऊक होतं. कबूल केलं असतं तर काय झालं असतं? बंदी आली असती, शिक्षा झाली असती, डिजिटलवरच्या तोंडाला काळं लागलं असतं. मी भ्यालो. गावी गेलो. आई शेंगा फोडत बसली होती. मी तिला सगळं समजावून सांगितलं — समजावून! ती एवढंच म्हणाली, "म्हंजी अंकुश जित्ता हाय म्हनू? आन् तू ग्येलास म्हनू?"

मी म्हणालो, "व्हय." मान खाली घालूनसुद्धा नाही, तिच्याकडं बघून.

कोर्टात तिनं पदर डोक्यावर घेतला. तिथली शपथ झाल्यावर आपणहून तुळजाभवानीची आण घेतली. वकील खूश झाला. आमच्या घरात ती आण कुणी उगीच घेत नाही, हे त्याला काय माहीत? मला माहीत होतं. मी तिला थांबवलं नाही. "थोरला ग्येला," ती म्हणाली. "ह्यो बारका." आवाज जराही कापला नाही. मी सुटलो.

पुढं दोन हंगाम मिळाले, बहुतेक बाकावर बसून काढले. आता लोहाऱ्यात खेळाच्या सामानाचं दुकान आहे माझं. पाटीवर अंकुशच आहे.

त्या साक्षीनंतर भूकंपाचा दिवस आला. आईनं भात कालवला आणि वाटी हातात धरून बसून राहिली. मी विचारलं — कशाला विचारलं कोण जाणे — "आई, जायचं न्हाय का?"

"आन घेतलीया म्या," ती म्हणाली. "जित्त्या लेकराला निवद ठिवत न्हाईत." मग वाटी माझ्यापुढं सरकवली. "खा, अंकुश."

घरात तिनं मला त्या नावानं कधीच हाक मारली नव्हती. त्यानंतर दुसऱ्या नावानं मारली नाही.

आता ती थकलीय, पण त्या दिवशी वाटी माझ्यापुढं येतेच. जुन्या गावठाणातल्या दगडापाशी आता कुणी जात नाही. मी जाऊ शकलो असतो, गेलो नाही. खरं काय ते सांगू शकलो असतो, अजूनही सांगता येईल, सांगितलेलं नाही. भात अळणी असतो, गिळगिळीत असतो. मी शेवटच्या शितापर्यंत खातो, कारण ती समोर बसून बघत असते.