नळाखालचा वाफा

बजाबाईचं तोंड लई तिखट. पण तिच्या हातचा शेपू खाल्ला न्हाय असं गावात एक घर सापडलं नसतं. सोलापूरच्या मंडईत भाजी घेऊन जाणाऱ्या बाया वेगळ्या. त्यांना विहीर, मोटार, बांध. हिला बोटभर रान न्हवतं. नवरा धोंडीराम मेला तेव्हा मागं एक खुरपं ठेवून गेला, ते बी बोथट. गावच्या नळकोंडाळ्याखाली सांडलेल्या पाण्याची राड व्हायची, डुकरं लोळायची. बजाबाईनं तितं खुरपं घातलं. चर काढला, वाफे बांधले. मेथी, शेपू, चुका, कडंला अळू, चार वांगी, चार मिरच्या. जागा पंचायतीची, पाणी गावाचं, कंबरडं बजाबाईचं.

तिचा एक दंडक होता. कोंडाळ्याच्या उगवत्या अंगाला राखेनं घासलेली भांडी इसळायची, मावळत्या अंगाला साबणाचं धुणं. उगवतीचं पाणी वाफ्यात यायचं. एखादी नवी सून चुकून सोड्याचं पाणी हिकडं ओतायला लागली की बजाबाई मेथीतनं ताठ उभी राहायची.

"ए सटवे! माज्या लेकरांच्या डोळ्यात सोडा घालतीस व्हय? तिकडं सर!"

सून हसत सरायची आणि जाताना तिच्या बादलीत एक जुडी पडायची. जी पाणी देईल तिला भाजी. उरलेली विकून बजाबाईची चूल पेटायची. समोरची शिवलीला बाळंत झाली तवा तिच्या दारात रोज शेपू बजाबाईनंच पोचवला. फुकट. "पोरगं दुधाला हाय, तुज्यासाटनं न्हवं," असं वर ऐकवून.

मग युवराज सरपंच झाला. पोरगा शिकलेला, गाडी पांढरी, कपडे त्याहून पांढरे. त्यानं गाव स्वच्छतेच्या स्पर्धेत घातलं. पहिला घाला पडला कोंडाळ्यावर. ग्रामसेवक भाऊसाहेब टेप घेऊन आले आणि शोषखड्डा आखला, बरोबर चराच्या तोंडाशी.

"आज्जे, उघडं सांडपाणी दिसलं की मार्क कापत्यात," युवराज म्हणाला. "गाव पयलं आणायचंय."

"आण की. मी कुटं आडवी पडलीया? खड्डा मावळतीला खण. साबणाचं पाणी गिळू दे त्याला."

"नकाशात हितं हाय."

"नकाशा जेवतो व्हय रं?"

माणसं हसली. खड्डा मात्र नकाशात होता तितंच झाला. खाली दगड, वर वाळू, वर फरशी. बाया पहिल्यासारखी भांडी इसळायच्या, पाणी फरशीखाली गडप व्हायचं. बजाबाई नळाला पाणी येईल तेव्हा घागरी भरून वाफ्यावर नेऊ लागली. म्हातारपणी किती नेणार? चुका गेला, अळवाची पानं कडंनं करपली. मेथी, शेपू, वांगी, मिरच्या तेवढ्या जगवल्या.

पाहणीच्या आदल्या दिवशी भाऊसाहेब दोन गडी आणि घमेली घेऊन वाफ्यात उतरले. शाळेला परसबाग असली की जादा मार्क होते आणि शाळेच्या आवारात नुसता मुरूम होता.

"दोन दिवसांचा प्रश्न, आजी. समिती गेली की परत लावून देतो."

"म्हशीची कास कापून न्यायची आन परत चिकटवून द्यायची म्हणा की! भाऊसाहेब, घरी झाड तरी लावलंय का कवा?"

गडी खाली मान घालून हसले आणि खाली मान घालूनच अर्धा वाफा मातीसकट उचलून घेऊन गेले. बजाबाई रडली न्हाई. तिच्या डोक्यात दुसरंच शिजत होतं. उद्या तालुक्याचा मोठा साहेब येणार. सरपंच पोरगा हाय, भाऊसाहेब नोकर हाय. साहेबाला सांगितलं तर पाणी परत मिळंल. तिनं ठेवणीतलं लुगडं काढलं.

दुसऱ्या दिवशी शाळेत चुन्याच्या रेघांमध्ये तिची झाडं उभी होती. पोरं टाळ्या वाजवत होती. साहेब वाकून म्हणाले, "वा, काय टवटवीत आहे! कुणी केली बाग?"

युवराजनं तोंड उघडायच्या आत बजाबाई पुढं झाली.

"मी केली, साहेब. ही हितली न्हाय. नळाच्या सांडलेल्या पाण्यावर वाढवलीया. ते पाणी ह्यांनी खड्ड्यात घातलं. तेवढं माजं पाणी मला माघारी द्या."

साहेब सरळ उभे राहिले. हात रुमालाला पुसला.

"सांडपाण्यावर? आणि ही भाजी लोक खातात?"

"खात होते, साहेब," युवराज झटक्यात बोलला. "म्हणून तर शोषखड्डा घेतला. सगळ्यात आधी तेच बंद केलं."

"शाब्बास. राहिलेलंही काढून टाका."

बजाबाईनं बायांच्या घोळक्याकडं बघितलं. "शिवलीले, सांग की गं! राखेचं पाणी होतं का न्हाय? तुजं पोरगं कशावर वाढलं?"

शिवलीलेनं पदर नाकाला लावला. "आमाला काय म्हाईत, आज्जी? आमाला बी किळसच यायची."

दिवस मावळायच्या आत उरलेल्या वाफ्यावर मुरूम पडला. शाळेतली मेथी दुसऱ्या दिवशी आडवी झाली, वांगी-मिरच्या शेरडांनी खाल्ल्या. गावाला बक्षीस मिळालं. गुलाल उधळला, बुंदी वाटली, बजाबाईच्या हातावर बी मूठभर ठेवली. तिनं ती कोंबडीपुढं टाकली.

आता कोंडाळ्यापाशी टेम्पो थांबतो. भोंगा ओरडतो, "सोलापूरची ताजी भाजी!" बाया गराडा घालतात. एक दिवस बजाबाई बी गेली. जेवणात हिरवं पान येऊन लई दिवस झाले होते. मेथीची जुडी उचलली. मुळाला काळाकुट्ट चिखल. तिनं नाकाशी धरली आणि टेम्पोवाल्याकडं बघितलं.

"कुठल्या मळ्यातली रं?"

"मळा कसला, आज्जे! शहराच्या नाल्याकडची. लई फोफावती तितं."

शिवलीला शेपूच्या जुड्या पारखत होती. "कुठली का असंना," ती म्हणाली, "शहरातनं येती, म्हंजे चांगलीच असणार की."

बजाबाईच्या जिभेवर शिवी आली आणि तितंच बसली. जुडी घेऊन ती नळावर गेली. सवयीनं उगवत्या अंगाला बसली, मुळं चोळचोळून धुतली. काळं पाणी फरशीवरनं वळवळत गेलं आणि खड्ड्यानं गिळलं. तिनं जुडी झटकली, पदरात घेतली आणि चूल पेटवायला घरी गेली.