लेपाखालचा डाग

"मामा, कुठवर आलाय?" महेशचा फोन आला तेव्हा आमची गाडी शिवऱ्यापाशी हायवेच्या गर्दीत अडकली होती. "शिवरे. पोचतोच आता," मी म्हणालो. तो म्हणाला, "सावकाश या आता..." भाच्याच्या त्या 'सावकाश'मध्ये सगळं आलं. पुण्याच्या इस्पितळात माझी थोरली बहीण, आमची आक्का, गेली होती. रस्त्याकडेच्या टपरीवर माणसं चहा पीत उभी होती, एक टेम्पोवाला समोरची काच पुसत होता. मी उगाचच खिडकी खाली केली.

आक्का वेल्ह्याच्या वाटेवरच्या मार्गासनीला दिली होती. सासूकडून तिला आघाड्याच्या पाल्याचा एक लेप मिळाला होता. गांधीलमाशी, मुंगळा, मधमाशी... काहीही चावो, माणसं तिच्या पडवीत येऊन बसत. चावलेली जागा ती आधी उजेडाकडे धरून नीट बघायची, मधमाशीचा काटा राहिला असेल तर चिमटीत न धरता नखानं खरवडून काढायची, थंड पाण्यानं धुवायची आणि मग लेप लावायची. माझं भोरला औषधांचं दुकान. त्यामुळे आमचं भांडण जुनं. "अगं, निम्मी आग तुझ्या त्या थंड पाण्यानंच जाते. लेपानं काय होतं?" मी म्हणायचो. "मंग तुज्या दुकानात पानी का न्हाई ठिवत इकायला?" ती फटकन विचारायची, आणि मी हरलो म्हणून साऱ्या घराला हसवायची.

एका भाऊबीजेला मी तिच्याकडे होतो. शेजारच्या बबनरावांच्या हातून भात कापताना बांधावरच्या गांधीलमाश्यांच्या पोळ्याला धक्का लागला होता. बायको त्यांना धरून घेऊन आली. मानेवर चावे होतेच, पण अंगभर पित्ताच्या गांधी उठल्या होत्या, ओठ सुजले होते आणि श्वास घेताना छातीतून शिट्टीसारखा आवाज येत होता. "आक्का, लावा की लवकर!" त्यांची बायको रडकुंडीला आली. आक्काने लेपाची वाटी उचलली, बबनरावांच्या तोंडाकडे पाहिलं आणि वाटी खाली ठेवली. "ह्याला माजा लेप न्हाई पुरायचा. म्हेश, टेम्पो काढ." ती स्वतः त्यांना टेकू देऊन टेम्पोत बसली. सरकारी दवाखान्यात डॉक्टरांनी आधी इंजेक्शन दिलं, बोलले नंतर. बबनराव वाचले. परत आल्यावर मला वाटलं, आता ही लेप सोडून देणार. पण ती म्हणाली, "लेपानं आग जाती, दत्ता. पन दम लागल्यालं मानूस माज्या हातचं न्हाई. यवढं आज कळलं."

तेव्हापासून ती कुणालाही आधी विचारायची, दम लागतोय का, गरगरतंय का, ओठ-जीभ जड झालीय का. यातलं एक जरी असलं तरी लेपाला हात न लावता दवाखान्यात पाठवायची. मला फोन करून एकेक गोष्ट विचारून घ्यायची. पावसाळा सरला की डोंगरउतारावर गवत कापायला बायका जात, त्यांना ती बजावायची, नवऱ्याचा लांब बाह्यांचा सदरा घाला, गवतावर अंग टाकू नका, काढलेली कापडं झुडपावर टाकू नका, घरी आल्याबरोबर अंग चोळून आंघोळ करा. किडे दूर राहावेत म्हणून अंगाला लावायच्या मलमाच्या ट्यूबा मी एसटीने पाठवायचो. त्या ती सगळ्यांत वाटून टाकायची. "तू लावतेस का?" असं विचारलं की म्हणायची, "मला कोन चावतंय? माजं रगात कडू हाय."

या वर्षी गवताची कापणी उरकली आणि तिला ताप भरला. डोकं फुटेल असं दुखत होतं, अंग मोडून आलं होतं. तिने गुळवेलीचा काढा सुरू केला. महेश तिला जवळच्या डॉक्टरांकडे घेऊन गेला. त्यांनी विचारलं, "आजी, काही चावलंय का?" "न्हाई वो, गवताचा शीण हाय," ती म्हणाली. ताप हटला नाही तर रक्त तपासायला या, असं त्यांनी बजावलं होतं. ताप हटला नाही, आणि ती गेली नाही. फोनवर मला म्हणाली, "उतारलाय आता. तू दुकान सोडून येऊ नगंस." बोलताना तिला धाप लागत होती... दुसऱ्या दिवशी महेशने तिला उचलून गाडीत घातलं आणि पुण्याला नेलं.

तिथे नर्स तिचं अंग पुसत होती, तेव्हा कमरेला परकराच्या नाडीखाली वाळलेला लेप दिसला. ओल्या कापसाने तो निघाला, आणि खाली विडीचा चटका बसावा तसा काळा, कोरडा डाग. डॉक्टरांनी तो पाहिला, लगेच औषध बदललं आणि महेशला बाहेर बोलावलं. गवतात अगदी बारीक, डोळ्यांना न दिसणारे किडे असतात. त्यांचा चावा दुखत नाही, खाजत नाही, फक्त त्या जागी असा काळा डाग पडतो; पण त्याने येणारा ताप अंगात मुरला तर मूत्रपिंड, फुप्फुसं सगळ्यांवर घाला घालतो. "लवकर कळलं तर साध्या गोळ्यांनी बरा होतो," ते म्हणाले. त्या गोळ्यांची पाकिटं माझ्या दुकानात हाताशी असलेल्या खणात पडलेली असतात.

"लेपानं बिघडलं का?" महेशने विचारलं.

"लेपानं ताप आला नाही, आणि लेपानं तो जाणारही नव्हता," डॉक्टर म्हणाले. "फक्त डाग झाकला गेला."

महेशची बायको सारिका नंतर कितीतरी वेळ रडत होती. सासूच्या कमरेवरचा लेप तिने आंघोळीच्या वेळी पाहिला होता. "आत्या म्हनल्या, नाडी काचलीया. म्या म्हनलं, आसंल." आक्कालाही तसंच वाटलं असेल. किंवा वाटलं असेल की कमरेचं ते परक्या पुरुषाला काय दाखवायचं... आता कोण सांगणार? गावातल्या प्रत्येकाचा चावा तिने उजेडात धरून पाहिला. तिचा पाहायला मात्र कुणाला सुचलं नाही. तिला कुणी विचारलंच तर ती हसून उडवून लावायची, आणि आम्हाला त्या हसण्याची इतकी सवय झाली होती की तेच उत्तर वाटायचं.

परवा मार्गासनीला गेलो होतो. पडवीत पलीकडच्या वस्तीवरची एक बाई आली होती, तिला लेप हवा होता. सारिका तिला आतल्या खोलीत घेऊन गेली आणि दार लावून घेतलं. जरा वेळाने बाहेर येऊन महेशला म्हणाली, "ह्यांना दवाखान्यात सोडून या. ताप हाय, आन् काखेत डाग हाय." महेशने गाडीची किल्ली घेतली. मी एकटाच मागच्या दाराने गोठ्याकडे गेलो. तिथे आक्काने या वर्षी कापलेल्या गवताची गंजी उभी आहे. एका बाजूने उपसून उपसून निम्म्यावर आलीय. गाय माझ्याकडे पाहून हंबरली. मी गंजीतून एक पेंढी ओढली. तिला आक्काच्या हातची गाठ होती, गवताचाच पीळ देऊन घट्ट मारलेली. बराच वेळ ती मला सोडवेना. मग पेंढी तशीच गाठीसकट गायीपुढे ठेवली...