कुठल्या विषयाखाली शोधायचं

माझा धाकटा भाऊ आसनगावहून रोज लोकलने कल्याणला कामाला जायचा. मागच्या दिवाळीनंतर त्याने जाणं सोडलं. डब्यातली माणसं आपल्याबद्दलच कुजबुजतात, असं तो म्हणायला लागला. पुढे घरात कुणी नसतानाही त्याला आवाज ऐकू यायला लागले. भर दुपारी भिंतीकडे तोंड करून तो कुणाला तरी उत्तरं द्यायचा, मध्येच हसायचा. बाहेरचं काहीतरी लागलंय म्हणून आईने त्याला शेणव्याच्या पुढे एका भगताकडे नेऊन आणलं. त्याच सुमारास माझं लग्न जमवणं चालू होतं. आईने मला बजावलं, "कुनाला बोलू नको गो. तुझंच वाटोळं व्हईल."

मी फोनवर शोधून पाहिलं. एकजण जप करायला सांगत होता, दुसरा गव्हाचं बंद करायला सांगत होता, आणि एक डॉक्टर इतकं भरभर इंग्रजी बोलत होता की मला काही कळेना. त्यातच तसले व्हिडिओ आपोआप समोर यायला लागले. एकदा मामीने साड्यांचे फोटो बघायला फोन मागितला आणि पहिला तसलाच व्हिडिओ उघडला. मी तो तिच्या हातातून जवळजवळ ओढून घेतला. त्यानंतर वाटलं, पुस्तक बरं. ते मिटून ठेवता येतं.

शहापूरच्या वाचनालयाची मी शाळेपासूनची सभासद. तिथे कपाटांना कुलूप असतं. काउंटरवर पुस्तकांच्या जाडजूड याद्या असतात, त्यात विषयवार नावं लावलेली. आपण क्रमांक शोधून चिठ्ठीवर लिहून द्यायचा, मग ग्रंथपाल आतून पुस्तक आणून देतात. कादंबऱ्या मागताना मला यात कधी अडचण वाटली नव्हती. त्या दिवशी पहिल्यांदा कळलं, की आपल्याला हवं ते कुठल्या विषयाखाली घातलं असेल हेच मला माहीत नाही. 'आरोग्य'मध्ये योगासनं, आहार, बाळाचं संगोपन होतं. शेवटी 'संकीर्ण'मध्ये 'मन' हा शब्द असलेलं एक नाव दिसलं. मी चिठ्ठी दिली. पुस्तक आलं ते नामस्मरणाने मन शांत ठेवण्याबद्दलचं होतं. मी पानं चाळून परत सरकवलं, तेव्हा ग्रंथपालांनी आपुलकीनेच विचारलं, कुणाला काही त्रास आहे का, नेमकं काय हवंय? त्यांचा आवाज मोठा होता. मागच्या टेबलावर पेपर वाचणारे आमच्या आळीतले काका मान वर करून बघायला लागले. मी "सहजच" म्हटलं आणि एक कादंबरी घेऊन घरी आले. ती वाचलीही नाही.

मग मुरबाडला जायचं ठरवलं. तिथे मला ओळखणारं कुणी नव्हतं. आईला ब्लाउज शिवायला टाकायचाय असं सांगितलं आणि किन्हवलीवरून जाणारी एसटी धरली.

तिथल्या वाचनालयात कपाटं उघडी होती आणि वाचकांसाठी एक कॉम्प्युटर ठेवला होता. सभासद नसले तरी बसून वाचता येईल, असं ग्रंथपाल बाईंनी सांगितलं. मी 'मन' टाइप केलं. कवितासंग्रहांपासून प्रवचनांपर्यंत इतकी नावं आली की बघून संपेनात. 'मनाचे आजार' टाकलं तर काहीच नाही. मग आजूबाजूला बघून मी 'वेड' हा शब्द टाकला. विनोदी कथा आल्या, हसवणारी नाटकं आली, प्रेमकथा आल्या. माझ्या भावाचं दुखणं या सगळ्यांना गंमत म्हणून सापडलं होतं.

बाई शेजारून जाताना थबकल्या. मी स्क्रीन झाकायला गेले, पण त्यांनी पाहिलं होतं. त्या हळूच म्हणाल्या, की 'मानसशास्त्र' असं शोधा, आणि तो कप्पा आरोग्याजवळ नाही, तत्त्वज्ञानाच्या शेजारी आहे. त्या शब्दाने पुस्तक सापडलं. रुग्णाच्या घरच्या माणसांसाठीच लिहिलेलं होतं. कॉम्प्युटर म्हणत होता, पुस्तक आहे. कप्प्यात मात्र त्या जागी फट होती. बाईंनी खिडकीजवळच्या टेबलाकडे बोट केलं.

तिथे साठीच्या आसपासचे एक गृहस्थ ओळीखाली बोट ठेवून ते वाचत होते. पायाशी भाजीची पिशवी होती. मी समोर बसून वाट पाहायला लागले. थोड्या वेळाने त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी पुस्तक माझ्याकडे वळवलं.

"घरात कोन?" त्यांनी विचारलं.

इतक्या दिवसांत हे मला असं हळूच कुणी विचारलं नव्हतं.

"भाऊ," मी म्हटलं.

"माझी पोरगी."

ते टोकावड्याच्या बाजूचे शेतकरी होते. बाजाराला आले की इथे बसून थोडं थोडं वाचायचे. घरी नेलं तर मुलगी वाचेल आणि घाबरेल, म्हणून नेत नव्हते. भगत त्यांनीही केला होता, त्यात बरेच दिवस गेले. आता कल्याणच्या डॉक्टरांची औषधं चालू होती. ती बरी झाली का, असं मी विचारलं.

"गोळ्या घेते तवर बरी. पुरती बरी नाय," ते म्हणाले. "पन आता आमच्याशी बोलते."

त्यांनी मला डॉक्टरांचा पत्ता सांगितला. मग आम्ही पुस्तक टेबलावर मधोमध ठेवून एकत्र वाचलं. पान उलटण्याआधी मी त्यांच्याकडे बघायचे.

घरी येऊन मी आईला सगळं सांगितलं. भाऊ डॉक्टरांकडे यायला तयार नव्हता. लोकलने जायचं नाही या अटीवर शेवटी आला. आम्ही जीपने गेलो. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, ते मी पुस्तकात वाचलेलंच होतं. मला बघून गेलेली मुलाकडची मंडळी पुन्हा आली तेव्हा भाऊ दिसत नाही म्हणाली, आणि मी खरं ते सांगितलं. त्यांनी चहा घेतला, नीट निरोप घेतला, आणि पुढे फोन आला नाही. तुझ्याच तोंडानं तू घालवलंस, असं आई अजून म्हणते.

नंतर मी मुरबाडला पुन्हा गेले. पुस्तक आपल्या जागी होतं. ते गृहस्थ हल्ली येत नाहीत, असं बाई म्हणाल्या. त्यांचं नाव मी विचारलंच नव्हतं. त्यांची मुलगी कशी असेल, हे कुणाला विचारायचं ते कळेना.

भाऊ सध्या घरीच असतो. पूर्वीपेक्षा कमी हसतो, झोपतो खूप. गोळी कधी घेतो, कधी जिभेखाली धरून मोरीत थुंकतो. ते दिसलं की मी भांडत नाही, दारातल्या ओट्यावर त्याच्या शेजारी जाऊन बसते. कधी कधी तो आपणहून दुसरी गोळी मागून घेतो. कधी मागत नाही.