भागीरथाबाईच्या पोरीचं कार्ड

पेन्शनच्या मोहापायी मी दिव्यानीला मतिमंद करून टाकलं. एका क्लिकमध्ये. मूल गावच्या बाजारात माझं ऑनलाइन अर्जांचं दुकान आहे, आणि आजार मोठा लिहिला की फायदा मोठा, हे आमच्या धंद्यातलं शहाणपण.

दिव्यानीची आई भागीरथाबाई राइस मिलमध्ये धान पाखडते. पोरगी रात्रभराचं नाटक एकदा ऐकून दुसऱ्या दिवशी धानाच्या रोवणीत सगळ्या पात्रांसकट करून दाखवते. पुस्तक उघडलं की अक्षरं तिच्यापुढं जागेवर राहत नाहीत. 'आळशी आहे' हे मायलेकींनी आठ वर्षं ऐकलं. मग शाळेत रंजीता मॅडम आल्या. ही अध्ययन अक्षमता, सर्टिफिकेट काढा, दहावीला जादा वेळ आणि प्रश्न वाचून दाखवणारा माणूस मिळेल, असं त्यांनी चिठ्ठीवर लिहून दिलं. ती चिठ्ठी घेऊन बाई माझ्या दुकानात आली.

"रोशन, मॅडमनं लिवलं थेच भर."

"बाई, हा दुसरा खाना भरला त पेन्शनबी लागते. माह्यावर सोडा."

"सोडलं बापा. तू शिकलेला."

सर्टिफिकेटच्या शिबिरातल्या डॉक्टरनं अर्ज पाहिला, दोन प्रश्न विचारले. दिव्यानी लाजून गप्प. झालं काम. 'मतिमंद' लिहिलेलं कार्ड शाळेत पोचलं आणि वर्गातल्या पोरांनी ते मोठ्यानं वाचलं.

भागीरथाबाई दुकानात आली तेव्हा केसांत मिलमधला धानाचा कोंडा तसाच होता.

"माही पोरगी मतिमंद हाये का रे?"

"डॉक्टरनं लिवलं बाई."

तिनं माझ्याच दुकानातली अर्जाची प्रत टेबलावर ठेवली. "मॅडमनं वाचून दाखवलं. हे त डॉक्टरच्या आधीचं हाये."

मी प्रिंटरमध्ये कागद अडकल्यासारखं करू लागलो.

"मास्तर आळशी म्हणे, थे समजते. तुले त पोरगी दादा म्हणे."

मग कार्ड बदलून घ्यायला तिच्याबरोबर चंद्रपूरच्या तीन चकरा. दवाखान्याच्या बाकावर तिनं मलाही भात-लाखोरीचं वरण खाऊ घातलं. शिव्या दिल्या असत्या तर घास उतरला असता. नवीन कार्ड आलं, पण वाचणारा माणूस मागायची शाळेची तारीख निघून गेली होती. दिव्यानी एकटीच पेपरला बसली आणि तीन विषयांत राहिली.

जुलैच्या परीक्षेचा अर्ज बाईनं समोरच्या दुकानातल्या अतुलकडे भरला. प्रत्येक खान्यावर बोट ठेवून विचारत होती, "इथी काय लिवलं?" अतुल वैतागला, पण वाचत गेला. या वेळी वाचणारा माणूस मंजूर झाला म्हणे.

चंद्रपूरच्या शेवटच्या चकरेत तिचा डबा माझ्या पिशवीत राहून गेला. आमच्याकडे डबा रिकामा परत देत नाहीत. घासून ठेवलाय, अजून दिलेला नाही.