मोकळ्या कोंबड्यांचे राखणदार

“तुझ्या ओळखीत कुणी कोंबड्या नेईल का?” शेजारच्या तात्यांच्या मुलाचा, दत्तादादाचा फोन आला, तेव्हा मी छापखान्यात पत्रकांची वाट बघत उभी होते. तात्यांच्या घरातून कोंबड्या बाहेर द्यायची भाषा? मी विचारलं, “तात्या कुठायत?” तात्या सकाळीच वारले होते. या गोष्टीला आता काही आठवडे झाले.

धायरीत आमच्या सोसायटीच्या भिंतीपलीकडे तात्यांचा जमिनीचा तुकडा आहे. बाकीच्या शेतावर आमच्यासारख्यांचे फ्लॅट उभे राहिले. एवढा तुकडा तात्यांनी दिला नाही. घर, दोन शेवगे, मेंदीचं दाट कुंपण आणि दिवसभर मोकळ्या फिरणाऱ्या गावरान कोंबड्या. मी प्रथम त्यांच्या दारात गेले ती पोल्ट्रीतल्या पिंजऱ्यांविरुद्धचं पत्रक घेऊन. त्यांनी ते हात लांब धरून वाचलं आणि परत केलं. “हे मला कशाला? वरच्या मजल्यांवर वाट.” मी तावातावाने विचारलं, “पण तात्या, तुम्ही कोंबडी खाता ना?” “खातो की. खायची म्हणून काय जगू द्यायची न्हाय?” मी मांसाहार करत नाही. आमचं हे भांडण शेवटपर्यंत मिटलं नाही आणि ते गेले म्हणून मी ते इथे मिटवणार नाही.

पण मोकळं सोडणं म्हणजे वाऱ्यावर सोडणं नव्हे, हे त्यांच्याकडेच दिसायचं. वर घारी, खाली मुंगूस, रस्त्यावर कुत्री. तात्या शेवग्याखाली खुर्ची टाकून, काठी मांडीवर घेऊन दिवस काढायचे. लग्नाला गेले तर संध्याकाळच्या, कोंबड्या खुराड्यात शिरल्यावर. दुसरा राखणदार कोंबडा. आभाळात घार दिसली की तो घशातून एक निराळाच आवाज काढी आणि सगळ्या जणी मेंदीत गडप होत. आमच्या सोसायटीला नेमका तोच खुपत होता, कारण तो पहाटे आरवतो! सकाळी सहापासून हॉर्न वाजवणाऱ्यांची झोप कोंबड्याने मोडते, हे पुण्यातच ऐकायला मिळतं.

मग एकदा भरदिवसा मुंगसाने तात्यांची लाडकी ठिपक्यांची कोंबडी नेली. पिसं उडत आमच्या पार्किंगमध्ये आली आणि सोसायटीच्या ग्रुपवर एकाएकी भूतदयेला पूर आला. मंडळी तात्यांच्या अंगणात गेली. मीही गेले, या मंडळींशी भांडायला. सेक्रेटरी म्हणाले, “अहो तात्या, जाळी मारून घ्या. आम्ही माणूस पाठवतो.”

“आन् कोंबडा?”

“तो मात्र... कुठेतरी देऊन टाका हो.”

“म्हंजी राखणदार हाकला आन् राखण करा. लई शिकल्यात बघा सगळी!”

मंडळी परतली. तात्यांनी मग एकेक पीस वेचलं. चहा आला तसाच निवला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी मुद्दाम भिंतीपाशी गेले. ते खुराड्यापुढे बराच वेळ उभे होते. मी म्हटलं, “तात्या, भीती नाही वाटत?” “वाटती की. पर भीती माझी हाय. ती त्यांच्या गळ्यात कशाला घालू?” आणि त्यांनी दार उघडलं. मी इतकी पत्रकं लिहिली. असं एक वाक्य मला लिहिता आलेलं नाही.

ते गेल्यावर दत्तादादाने कोंबड्या कोंडून ठेवल्या. दहावा झाला, तेरावा झाला, खुराडं बंदच. आत एकमेकींना टोचून त्यांच्या पाठी उघड्या पडलेल्या. मी जाऊन तडकले, “तात्यांच्या अंगणात हे?” दादा चिडला नाही. “माझ्या हातून एक जरी गेली ना, तर वाटंल बापाचं एवढंबी सांभाळता आलं न्हाय. त्यापेक्षा कुणी तरी न्या.” मी एवढंच म्हटलं, “दादा, तात्यांच्या हातूनही गेल्या होत्या. ठिपक्यांची गेली तेव्हा तुम्ही इथेच होतात ना?” मी निघून आले.

दोन दिवसांनी कोंबड्या अंगणात दिसल्या. दत्तादादा आपलं दुकान संध्याकाळी, कोंबड्या खुराड्यात शिरल्यावर उघडू लागला. मी मनात म्हटलं, चार दिवसांचा उत्साह.

परवा त्याचा फोन आला. “घारीनं एक पिल्लू नेलं गं. माझ्या डोळ्यांदेखत.”

कसंबसं विचारलं, “मग... बाकीच्या?”

“बाकीच्या बाहेर हायेत,” तो म्हणाला. “मी बसलोय हितंच.”