चावडीपुढं दिलेलं नाव

माझं माहेर सांगली संस्थानातलं आणि सासर कृष्णेच्या अलीकडं, इंग्रजांच्या सातारा जिल्ह्यात. होडीनं नदी ओलांडली की राज्य बदलायचं. लहानपणी मला त्याची गंमत वाटायची. सतराव्या वर्षी लग्न होऊन सासरी आले आणि राज्य म्हणजे काय असतं ते कळलं.

मामंजी, म्हणजे माझे सासरे, गावचे पोलीसपाटील. आमचे मालक पलटणीत होते, कुठंतरी आफ्रिकेच्या बाजूला लढाईवर. दोन-दोन महिन्यांनी त्यांचं पत्र यायचं आणि त्यातल्या काही ओळींवर सरकारनं काळी शाई फासलेली असायची. सासूबाई माझ्या लग्नाआधीच वारल्या होत्या. घरात आम्ही दोघंच.

बेचाळीसची धामधूम होऊन वर्ष लोटलं होतं. आमच्या भागात भूमिगत माणसं उसात, ओढ्याकाठी राहायची. त्यांनी आपलंच राज्य मांडलं होतं. भांडणं तीच मिटवायची, शिक्षाही तीच द्यायची. पोलिसांना खबर देणाऱ्याच्या तळपायांवर काठ्या बसत. वरच्या अंगाच्या एका गावचा पाटील महिनाभर उठून चालू शकला नव्हता, असं बायका पाणवठ्यावर बोलत होत्या. तेव्हापासून मामंजी ओसरीवर पाय पसरून बसले की माझी नजर त्यांच्या तळव्यांकडं जायची.

एका सकाळी दाराच्या कडीत चिठ्ठी अडकवलेली सापडली. मामंजींनी ती उभ्यानंच वाचली आणि चुलीत घातली.

“काय हुतं?” मी विचारलं.

“काय न्हाई. भाकरी थाप.”

मग त्यांनी एकामागून एक दोन तांबे पाणी प्यायलं. मामंजींना घाबरलेलं मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. चिठ्ठी उसातल्या माणसांची होती, हे मला तेवढ्यावरूनच कळलं.

मी त्यांना सांगितलं नव्हतं, की दिवाळीच्या आधीपासून मी त्या माणसांना भाकरी देत होते. शेजारी एक विधवा म्हातारी राहायची. तिला आम्ही काकी म्हणायचो. ती एकदा परसदारी येऊन म्हणाली, “पोरी, चार भाकरी जास्त टाकत जा. कुणासाठी ते इचारू नगंस.” मी विचारलं नाही. विचारायची गरजच नव्हती. काकी अशीच आणखी दोन-तीन घरांतून भाकरी गोळा करायची आणि शेणींच्या पाटीत दडवून ओढ्याकडं न्यायची.

मी का दिल्या? इंग्रज जावेत की राहावेत, एवढी माझी समज नव्हती. भाकरी थापताना मनात यायचं, आपला माणूस परमुलखात कुणाच्या हातचं खात असेल. तेवढंच.

मार्गशीर्षातल्या एका सकाळी पोलिसांची लॉरी आली. बंदूकवाले वीस-पंचवीस तरी असतील. दवंडी पिटून सगळ्या गावाला चावडीपुढं बोलावलं. बाप्ये एका अंगाला, बायका दुसऱ्या. मधे काकी बसलेली आणि तिच्यापुढं पालथी केलेली पाटी. शेणी विखुरलेल्या होत्या, आणि एका फडक्यावर अकरा भाकरी. त्यातल्या चार माझ्या होत्या. माझ्या भाकरीची कड जरा जाड राहायची. मला वाटलं, कुणीही बघून ओळखेल.

फौजदार आपल्याकडचाच होता, मराठी बोलणारा. त्यानं काकीला विचारलं, “कुणाच्या घरच्या?”

“भीक मागून आणल्या.”

“अकरा भाकरी भिकेच्या?”

एका शिपायानं तिच्या मनगटावर काठी मारली. आवाज बारीकच झाला, पण बायकांच्या घोळक्यात माझ्या मागं कुणीतरी रडायला लागलं. काकीनं हात पदराखाली घेतला आणि एकदा आमच्याकडं बघितलं. तिची नजर माझ्यावर आली आणि तशीच पुढं गेली.

मी पुढं व्हायला हवं होतं. ते तेव्हाही मला कळत होतं. पण मी पुढच्या बाईच्या लुगड्याचा काठ मुठीत धरून तशीच उभी राहिले.

फौजदार मामंजींकडं वळला. “पाटील, तुम्ही सरकारचे चाकर. गावातल्या चुली तुम्हाला ठाऊक. घरं सांगा. नाहीतर घरटी एक माणूस लॉरीत घालतो.”

सगळे खाली बघत होते. एरवी रोज राम राम घालणारी माणसं आता मामंजींच्या तोंडून आपलं नाव निघेल म्हणून अंग चोरून उभी होती. नाव दिलं तर उसातली माणसं सोडणार नव्हती, आणि नाही दिलं तर समोर लॉरी होती. मामंजींनी घसा खाकरला.

“लिवा सायेब. माझ्या घरच्या हाइत.”

फौजदार हसला. “बेलभंडारा उचला आणि देवाची आण घेऊन सांगा.”

गुरवानं देवळातून बेलाची पानं आणि भंडारा आणला. मामंजींनी ओंजळीत धरला आणि मोठ्यानं म्हणाले, “ही भाकरी माझ्या घरातनं गेली.”

मला वाटलं, यांना पहिल्यापासून सगळं ठाऊक आहे.

काकीला सोडून दिलं आणि मामंजींना लॉरीत चढवलं. वर बसल्यावर त्यांनी मला हाक मारली आणि इतकंच म्हणाले, “सूनबाई, म्हशीला पाणी दाव.”

ते दोन-अडीच महिने कसे गेले ते मलाच माहीत. पोलिसांच्या भीतीनं गावातलं कुणी दारात उभं राहीना. सोबतीला येत होती ती काकी एकटी. तिचं मनगट सुजून वाकडंच राहिलं. त्यात मालकांचं पत्र आलं. उत्तर लिहायला बसले आणि हात थांबला. माझं पत्रही सरकार वाचणार. बाप कोठडीत आहे हे पलटणीच्या साहेबांना कळलं, तर त्यांच्या मुठीत असलेल्या मुलाचं काय करतील? मी लिहिलं, “मामंजी बरे आहेत.”

मामंजी साताऱ्याहून परत आले ते निम्मे होऊन. पाटीलकी भाऊबंदांकडं गेली होती. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांना ताट वाढलं आणि तिथंच खाली बसले.

“मामंजी, त्यातल्या चार भाकरी खरंच आपल्या घरच्या हुत्या. मीच देत हुते.”

त्यांचा हात ताटातच राहिला. “कवापासनं?”

“दिवाळीच्या आधीपासनं.”

म्हणजे त्यांना काहीच ठाऊक नव्हतं. गाव वाचावं म्हणून त्यांनी आपल्या समजुतीनं खोटंच सांगितलं होतं. मी ओरडा ऐकायच्या तयारीनं मान खाली घातली.

“म्हंजे मी बेलभंडारा खोटा उचलला न्हाई,” ते सावकाश म्हणाले. “तिथं रोज वाटायचं, देवाची खोटी आण घेतली. आता ती पोराला बाधल. कोठडीचं दार वाजलं की वाटायचं, पोराची तार आली.”

“मी पुढं यायला पायजे हुतं.”

मामंजींनी ताटातलं सगळं संपवलं आणि आणखी अर्धी भाकरी मागितली.

लढाई संपल्यावर मालक सुखरूप परत आले. मामंजींनी त्यांना चावडीपुढचं सगळं सांगितलं, फक्त माझी गोष्ट वगळून. ती मी माझ्या तोंडानं सांगायला आणखी तीन वर्षं घेतली. तोवर इंग्रज गेला होता, मालकांची पलटणही सुटली होती, भ्यायचं काही कारण उरलं नव्हतं. तरी सांगण्याआधी मी उठून दाराला कडी घातली.