व्हार्निशचा दोष

नात माझ्या नखांना नेलपॉलिश लावत होती, आणि त्या वासासरशी मला सिंगापुरातल्या आमच्या जुन्या प्रयोगशाळेतलं व्हार्निश आठवलं. लोखंड असलेल्या सुपरकंडक्टरचा, म्हणजे अतिथंडीत रोधाविना वीज वाहू देणाऱ्या पदार्थाचा, तिळाएवढा स्फटिक आम्ही त्यानेच चिकटवायचो. तो गार करत नेला की अणूंची चौरस मांडणी एका क्षणी किंचित लांबट होते. आधी अणू सरकतात, इलेक्ट्रॉन मुकाट मागून जातात, असं मी तेव्हा सासूच्या थाटात सांगायचे. माझ्या हाताखाली पीएचडी करणारी नागपूरची मुलगी एकदा आलेख घेऊन आली. मांडणी बदलायच्या बरंच आधी विजेचा रोध दोन दिशांना वेगवेगळा दिसत होता. मी म्हटलं, "व्हार्निश फार फासलंस, त्याने स्फटिक ओढला गेला. मेंदी काढतेस का?" ती म्हणाली, "मॅडम, ओढ तेवढीच आहे, तरी गार होताना फरक वाढत जातो. मग आतून ढकलतंय कोण?" मी म्हटलं, आलेख काढून टाक. तिने प्रबंधातून तो काढला. वर्षभरात दुसऱ्यांनी तेच छापलं: दिशा आधी इलेक्ट्रॉन ठरवतात, अणू मागून येतात. तिने तो लेख माझ्या टेबलावर ठेवला आणि गेली. तुझंच बरोबर होतं, एवढं म्हणायचं सोडून मी तो फायलीत लावला. विदुषी ना मी. "आजी, डोन्ट मूव्ह लाह," नात तिच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली. पॉलिश नखाबाहेर चांगलंच फासलंय. "छान लावलंस गं," मी म्हटलं. इतक्या वर्षांनी, आणि तेही भलत्याच मुलीला.